वाचकांचे प्रश्न : टबाच्या जागी उंबरा नसलेले नहाणीघर

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच चिंतेची आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातील बहुतेक भाग उरलेल्या दोघांनाही लागू पडतो.

प्रश्न (एक वाचक, ठाणे) : आमची सदनिका १९९६ मध्ये बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. मोठ्या खोलीला जोडलेल्या ८ फूट × ५ फूट बाथरूममध्ये दारासमोरच्या भिंतीलगत बाथटब आहे. तो बिल्डरने बसवून दिलेला असून बाहेरून विटांनी चिणून त्यावर टाइल लावलेल्या आहेत. माझे वडील ८२ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, घरात वॉकर घेऊन चालतात. टबाच्या काठावरून पाय टाकताना ते नळाला धरतात. गेल्या महिन्यात ते आतच घसरले. सुदैवाने हाड मोडले नाही. टब काढून सपाट जमिनीचा शॉवर करावा असे मला वाटते, पण पाणी खोलीत येईल, खालच्या घरात गळेल अशी पत्नीला भीती वाटते. दार असलेला टब मिळतो असेही ऐकले. बाबा मात्र म्हणतात की काही बदलायची गरज नाही. काय करावे?

उत्तर : काम ठरेपर्यंत वाट पाहू नका, टबातली आंघोळ आजपासूनच थांबवा. बाथरूमच्या कोरड्या भागात रबरी बूट लावलेली, हाताची आणि पाठीची भक्कम खुर्ची ठेवा आणि त्यांना बादली-तांब्याने आंघोळ करू द्या. टबाचा काठ साधारणपणे १६ ते २० इंच उंच असतो. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला त्यावरून जाताना काही क्षण एकाच पायावर, तेही ओल्या गुळगुळीत पृष्ठभागावर, उभे राहावे लागते. नळ हा आधार नव्हे. तो पाण्याच्या पाइपवर बसवलेला असतो, माणसाचा भार पेलण्यासाठी नाही.

दार असलेल्या टबाचा विचार मी सोडून द्यायला सांगेन. त्यात आधी आत बसायचे, दार लावायचे, मग टब भरेपर्यंत उघड्या अंगाने थांबायचे आणि आंघोळ झाल्यावर पाणी पूर्ण ओसरेपर्यंत पुन्हा तसेच बसून राहायचे, कारण त्याआधी दार उघडता येत नाही. मधेच चक्कर आली तर बाहेर काढणे अवघड. शिवाय टब भरायला दीडशे लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते आणि आपल्या घरातला गीझर १५ किंवा २५ लिटरचा असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. टब काढणे हे या कामातले सर्वांत सोपे काम आहे. विटांची पुढची भिंत फोडली, सांडपाण्याची जोडणी सोडवली की ॲक्रिलिकचा टब दोन माणसे उचलून नेतात. जुना बिडाचा असेल तर त्याचे वजन शंभर किलोच्या पुढे जाते आणि मग माणसे जास्त लागतात. खरे काम टबाखाली काय निघते यावर ठरते. बऱ्याच ठिकाणी टबाखाली टाइल नसतात, नुसता कोबा असतो, आणि कधी कधी त्यावर वर्षानुवर्षे झिरपलेल्या पाण्याची ओलही सापडते. म्हणून टबाच्या जागेपुरत्या चार टाइल लावून मोकळे होण्याचा सल्ला देणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नका. संपूर्ण बाथरूमची जमीन एकदाच नीट करायला हवी.

आपल्याकडच्या सदनिकांमध्ये बाथरूमचा स्लॅब बहुधा ८ ते १२ इंच खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. ही आपल्या दृष्टीने मोठी सोय आहे. उतारासाठी खाली जागा मिळते, खोलीची जमीन उचलावी लागत नाही. आपल्या मापांचा हिशेब करून पाहू. टबाची जागा सुमारे अडीच फूट रुंद. ती वाढवून शेवटचा ३ फूट भाग आंघोळीचा धरू. दारापासूनच्या ५ फूट भागाला फुटाला एक अष्टमांश इंच उतार दिला तर पुरता पाऊण इंचही लागत नाही. पुढच्या ३ फुटांना फुटाला पाव इंच दिला तर पाऊण इंच. म्हणजे दारापासून शेवटच्या भिंतीपर्यंत जमीन एकंदरीत जेमतेम दीड इंच खाली जाते. पायाला हा उतार जाणवतही नाही, पाण्याला मात्र पुरतो. पाणी अडवायचे ते उंबऱ्याने नव्हे, उताराने, हे गवंड्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, कारण सवयीने तो दारात दीड-दोन इंचांची ग्रॅनाइटची पट्टी बसवायला निघेल. उंबरा टाळावा, आणि अगदीच टाळता येत नसेल तर तो १२ मिलिमीटरपेक्षा उंच नसावा व त्याची कड उतरती घासलेली असावी, हा सुगम्य, म्हणजे अपंग-वृद्धांनाही सहज वापरता येईल अशा, बांधकामाचा दंडक घरातही पाळावा. पत्नीची धास्ती पूर्णपणे घालवायची असेल तर दाराच्या आतल्या बाजूला एक अरुंद जाळीची पन्हळ टाकून घ्या; चुकून आलेले पाणी तिच्यात जाईल.

सांडपाण्याची जाळी कुठे असावी यावर मला थोडे अधिक सांगायचे आहे. चौकोनी जाळी आंघोळीच्या जागेच्या मधोमध ठेवली की चारही बाजूंनी उतार द्यावा लागतो आणि अशा खोलगट जमिनीवर खुर्चीचे चारही पाय कधी टेकत नाहीत. त्याऐवजी शेवटच्या भिंतीलगत लांब जाळी घेतली तर सगळी जमीन एकाच दिशेला उतरते, टाइल कापाव्या लागत नाहीत आणि खुर्ची डगमगत नाही. दुसरी गोष्ट आपल्या सवयीची आहे. परदेशी बनावटीच्या अनेक जाळ्या केवळ शॉवरच्या पाण्याचा विचार करून बनवलेल्या असतात, म्हणजे मिनिटाला आठ-दहा लिटर. आपल्याकडे आंघोळीच्या शेवटी बादलीतले उरलेले दहा लिटर पाणी एका झटक्यात जमिनीवर ओतले जाते. लहान तोंडाची जाळी ते घेऊ शकत नाही, पाणी मागे फिरते आणि दाराकडे येते. म्हणून खालचा नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचे पाणी अडवून ठेवणारे भांडे, मोठा, ४ इंची पाइपला जोडलेला घ्या, त्यात किमान दोन इंच पाणी साठून राहील असे पाहा, म्हणजे वास येणार नाही. बसवल्यावर प्लंबरसमोर स्वतः एक भरलेली बादली ओतून बघा.

गळतीची भीती अनाठायी नाही. टबात निदान पाणी एका भांड्यात राहत होते. आता ते थेट जमिनीवर पडणार. त्यासाठी जुना कोबा खालपर्यंत काढून, स्लॅब साफ करून, पॉलिमरमिश्रित सिमेंटच्या लेपाचे दोन थर एकमेकांना आडवे-उभे द्यावेत. भिंत आणि जमीन जिथे मिळते त्या कोपऱ्यांत जाळीची पट्टी बसवावी आणि आंघोळीच्या भागात लेप भिंतीवर सहा-सात फुटांपर्यंत न्यावा. लेप वाळल्यावर, टाइल लावण्यापूर्वी, ट्रॅपचे तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवा, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करा आणि खालच्या शेजाऱ्यांना त्यांचे छत दोनदा पाहायला सांगा. ही चाचणी ठेकेदार वेळ वाचवण्यासाठी गाळू पाहतात. ती गाळू देऊ नका. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेत फेरफार करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि शौचालय-मोरीतून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च सभासदावरच येतो. अर्ज देतानाच खालच्या घरी जाऊन काम समजावून सांगितले तर पुढचे पुष्कळ गैरसमज टळतात.

टाइल मॅट आणि ओल्या पायाला धरणारी हवी. दुकानदाराकडे आर-११ दर्जाची मागा, आणि आंघोळीच्या भागात चार इंची लहान चौकोन लावा, कारण टाइल जितक्या लहान तितके सांधे अधिक आणि पायाला पकड अधिक. सांधे इपॉक्सीने भरले तर ओल आत जात नाही. मात्र साफसफाईला ॲसिड वापरणे कायमचे बंद करा, त्याने साधे सिमेंटचे सांधे खाल्ले जातात. एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत : गुडघ्यांना तेल चोळून आंघोळीला जाणारी ज्येष्ठ मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि तेलापुढे कोणतीही खडबडीत टाइल हरते. तेल खोलीत बसून लावावे, तळवे टॉवेलने कोरडे पुसूनच आत जावे, आणि नंतर जमीन गरम पाणी व साबणाने धुवावी.

आधाराच्या दांड्या कुठे बसवायच्या हे नकाशावर ठरवू नका. माझ्या मावशीच्या घरी मी स्वतः हौसेने नकाशा काढून दांडी बसवली होती, आणि तिने ती कधी धरली नाही, कारण तिचा उजवा खांदा वर जात नव्हता व दांडी उजवीकडे होती. तेव्हापासून मी टाइल लावण्यापूर्वी त्या व्यक्तीला कपड्यांनिशी, कोरड्या बाथरूममध्ये खुर्चीवर बसायला सांगतो. बसताना हात कुठे जातो, उठताना कुठे जातो, साबण घ्यायला किती वाकावे लागते, हे पाहून भिंतीवर खडूने खुणा करतो. बसण्याची उंची साधारणपणे १७ ते १९ इंच असावी, म्हणजे गुडघ्यांवर कमी ताण येतो. दांडी स्टेनलेस स्टीलची, सव्वा ते दीड इंच जाडीची, भिंतीपासून दीड-दोन इंच सुटी असावी आणि तिचा रंग भिंतीत मिसळून जाणारा नसावा. रबरी कपाच्या शोषणाने चिकटणारी दांडी कृपा करून घेऊ नका, ती नेमकी भार आला की सुटते. भिंत हलक्या सच्छिद्र ब्लॉकची असेल तर जिथे दांडी आणि घडीची बैठक येणार तिथे आधीच काँक्रीटचा भाग करून घ्यावा लागतो; आपल्या इमारतीत बहुधा विटांची भिंत असेल, पण ठोकून खात्री करून घ्या.

शक्य असेल तर या पाहणीसाठी एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे रोजची कामे सुरक्षितपणे कशी करता येतील हे पाहणाऱ्या तज्ज्ञांना, घरी बोलवा. या शास्त्राचे शिक्षण आपल्या देशात सुरू झाले ते मुंबईच्याच के. ई. एम. रुग्णालयात, १९५० मध्ये, कमलाबाई निंबकर यांच्या प्रयत्नांतून. तरीही घराचे काम काढताना त्यांना विचारावे हे आपल्याला सुचत नाही, याची मला खंत वाटते.

काचेची भिंत नको. ती वॉकरला अडते आणि मदतनिसालाही आत येऊ देत नाही. जमिनीपर्यंत येणारा, वजनदार पडदा पुरेसा आहे. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते करा. माणूस आत पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडून राहते आणि मदत करणारे बाहेर उभे राहतात, हे मी दोन घरांत पाहिले आहे. आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी कळ लावा. सुगम्य इमारतींसाठी दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर सांगितलेली आहे. आपले दार अडीच फुटी असेल तर चौकट बदलताना मिळेल तेवढी वाढवून घ्या, पुढे कधी चाकांची खुर्ची लागली तर उपयोगी पडेल.

गरम पाण्याबद्दल : ६० अंश सेल्सियसच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत खोल भाजू शकते, आणि वृद्ध त्वचेला त्याहूनही कमी वेळ पुरतो. पाण्याचे तापमान स्वतः सांभाळणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर चांगला, पण गरम आणि थंड पाण्याचा दाब सारखा नसेल तर तो नीट चालत नाही; तेव्हा आधी दाब तपासून घ्या. ते जमत नसेल तर गीझरचे तापमान खाली ठेवा आणि बादलीत आधी थंड, मग गरम पाणी घ्यायची सवय लावा. नळ बैठकीजवळ नको. मदत करणाऱ्याला स्वतः न भिजता, बाबांच्या अंगावर पाणी पडण्याआधी हाताने तपासता यावे इतका अलीकडे असावा. शॉवर हातात धरता येणारा, लांब नळीचा आणि मुठीजवळ बंद करता येणारा घ्या. गीझरच्या जोडणीवर विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच आहे का, हे याच वेळी विजेच्या कारागिराकडून पाहून घ्या.

कामाला अडीच-तीन आठवडे धरा. लेप वाळणे आणि पाण्याची चाचणी यांना घाई चालत नाही. तेवढ्या दिवसांत बाबांची आंघोळ कुठे होईल हे फोडाफोडी सुरू होण्याआधी ठरलेले असावे.

आणि बाबांच्या नकाराबद्दल. आपण त्यांच्यासाठी काही करत आहोत असे सांगितल्याने त्यांना ते परावलंबित्वाचे लक्षण वाटते. त्याऐवजी बैठक कोणत्या बाजूला हवी, साबण कुठे हवा, तांब्या ठेवायला कोनाडा हवा का, हे त्यांना विचारा आणि ते सांगतील तसेच करा. ज्यांनी आयुष्यभर पाटावर बसून बादलीने आंघोळ केली त्यांना शॉवरखालीच बसवण्याचा आग्रह नको. खुर्चीशेजारी बादलीसाठी गुडघ्याच्या उंचीचा भक्कम ओटा करून दिला की वाकावे लागत नाही.

प्रश्न (एक वाचक, सातारा) : आमच्या जुन्या घरात तळमजल्यावर मोरी आहे. तिला ९ इंचांचा कट्टा आहे आणि शहाबादी फरशी गुळगुळीत झाली आहे. आई ७६ वर्षांची आहे. कट्ट्यावरून उतरण घालून चालेल का? सगळे फोडायचे नाही.

उत्तर : उतरण घालून चालणार नाही. सुरक्षित उतरणीला एक इंच चढासाठी १२ इंच लांबी लागते, म्हणजे ९ इंचांसाठी ९ फूट, आणि मोरीच्या आत पुन्हा तेवढीच. आखूड आणि तीव्र उतरण पायरीपेक्षा धोकादायक असते. तुमचे घर मात्र तळमजल्यावर आहे, खाली कोणाचे छत नाही, म्हणून काम सदनिकेपेक्षा पुष्कळ सोपे आहे. कट्टा काढा, मोरीची जमीन बाहेरच्या चेंबरच्या दिशेने उतरती करा आणि सांडपाण्याचा पाइप त्यानुसार खाली घ्या. चेंबरची पातळी पुरेशी खोल आहे का हे आधी मोजा. सगळे गणित त्यावर अवलंबून आहे. शहाबादी टाकून द्यायची गरज नाही. जात्याला लावतात तशी टाकी, म्हणजे छिन्नीचे बारीक ठोके, तिला लावून घेतली तर पृष्ठभाग पुन्हा खडबडीत होतो. काही वर्षांनी पुन्हा लावावी लागेल एवढेच. तोवर कट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या बसवा आणि मधे एक रुंद, न हलणारी पायरी बांधा.

आपण पत्रात ओझरता उल्लेख केला आहे की मोरीतच गॅसचा गीझर आहे. तो या आठवड्यात बाहेर काढा. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध होतो. वयस्कर व्यक्ती आंघोळीला अधिक वेळ घेते, दार घट्ट लावते, त्यामुळे धोका वाढतो. बंब असेल तर तोही अंगणातच पेटवावा. मला आपल्या पत्रातली ही गोष्ट कट्ट्यापेक्षा अधिक निकडीची वाटते.

प्रश्न (एक वाचक, लेस्टर, इंग्लंड) : आम्ही चाळीस वर्षे येथे आहोत. माझ्या ७९ वर्षांच्या पतींना वरच्या मजल्यावरच्या बाथटबात उतरणे जमत नाही. टब काढून सपाट शॉवर करण्यासाठी काही साहाय्य मिळते का?

उत्तर : मिळू शकते. प्रथम आपल्या कौन्सिलच्या प्रौढ सामाजिक सेवा विभागाकडे गरजेची पाहणी करण्याची विनंती करा; तिथले ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊन पाहतात. त्यांनी गरज मान्य केली तर अपंग सुविधा अनुदानासाठी अर्ज करता येतो. इंग्लंडमध्ये त्याची कमाल मर्यादा ३०,००० पौंड आहे आणि प्रौढांच्या बाबतीत उत्पन्न व बचत पाहून रक्कम ठरते. पूर्ण अर्ज दिल्यापासून सहा महिन्यांत कौन्सिलने निर्णय द्यायचा असतो. मंजुरीपूर्वी काम सुरू करू नका, नाहीतर अनुदान मिळणार नाही. हजार पौंडांपर्यंतच्या छोट्या सोयी, जसे आधाराच्या दांड्या, इंग्लंडमध्ये पाहणीनंतर विनामूल्य बसवून मिळतात, तेव्हा त्या आधी मागून घ्या. स्वतःच्या खर्चाने करत असाल तर ६० वर्षांवरील व्यक्तीच्या घरी बसवल्या जाणाऱ्या दांड्यांवर आणि अंगचीच बैठक असलेल्या शॉवरवर कमी, म्हणजे ५ टक्के व्हॅट लागतो. कोटेशन मागतानाच ठेकेदाराला हे सांगा.

बांधकामाचा फरक लक्षात ठेवा. ठाण्याच्या वाचकांना मिळते तशी खाली घेतलेल्या स्लॅबची सोय आपल्याकडे नसेल. जुन्या इंग्लिश घरांत वरचा मजला लाकडी तुळयांवर असतो. तिथे तुळयांवरील फळ्या काढून उतार अंगचाच असलेला तयार पाट बसवतात आणि सांडपाण्याचा पाइप तुळयांच्या मधून, त्यांच्याच दिशेने नेतात. पाइपसाठी तुळई खाचणार असे कोणी म्हणाले तर आधी तज्ज्ञ अभियंत्याला विचारा. पती दिवसाचा बराच वेळ खालीच घालवत असतील, तर वरचा टब बदलण्याऐवजी तळमजल्यावर लहानसे नहाणीघर करता येईल का, हे पाहणीला येणाऱ्या थेरपिस्टना अवश्य विचारा, कारण अनुदान मागताना दोन्हींपैकी एकच पर्याय त्यांच्या अहवालात येण्याची शक्यता अधिक असते.